एक तृतीयांश आणि तिसरी सीट

कोलकात्याच्या बेहाला भागात शेअर ऑटोच्या मागच्या सीटवर मी आणि माझी लेक, दोघीच बसलो होतो. ऑटोवाला तिसऱ्या प्रवाशाची वाट बघत होता. वेळ होता म्हणून मी लेकीला एक तृतीयांशाचा दशांश अपूर्णांक करायला सांगितलं. ती भागाकार करत मोठ्याने म्हणू लागली, “पॉइंट तीन, तीन, तीन, तीन…”

‘तीन’ बंगालीतही तीनच. ऑटोवाल्याला वाटलं, तिन्ही सीटा आम्हालाच हव्यात. त्याने मासळीची पिशवी घेऊन आलेल्या एका काकूंना परत पाठवलं. मी घाईघाईने हिंदीत समजावलं, की हे गणित आहे आणि ते संपतच नाही.

काकू पिशवीसकट आत शिरल्या आणि लेकीला म्हणाल्या, “दोनदा तीन लिही आणि थांब. मला घरी जाऊन मासे तळायचेत.”