पळीचं चिलखत

पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरात वैजयंतीवहिनींना आईची लोणच्याची लाकडी पळी तेवढी जपायची होती. पण नवरा, नरहर बोधनकर, तिथंच विजेच्या मोटरीतल्या फिरत्या गाभ्याला, आर्मेचरला, फीत गुंडाळून वार्निश पाजणारा! घरीही हात थांबेनात. झाडू, चष्मा, कढईचे कान, सगळं तपकिरी, चिकट, शिसारी येईल असं. परवा पळीही त्याच्या तावडीत सापडली.

"अगं, आर्मर अन् आर्मेचर एकाच लॅटिन शब्दातून आलेत. आधी अर्थ सगळी युद्धसामग्री, मग चिलखत. मी पळीला चिलखत चढवलं!"

वहिनींनी त्याच पळीनं वाटीतलं लोणचं ढवळून त्याला वाढलं. पहिल्या घासालाच नरहर मोरीकडे धावला.

"थुंकता काय? आतूनही चढू द्या की चिलखत!"

मग नाक दाबून त्यांनी पळी कचऱ्यात टाकली. तीस वर्षांचा हिंग-मोहरीचा वास वार्निशनं गिळला होता.