शेजारच्या गावाची खांड

रोह्याहून लग्न करून मी पेणच्या खारपट्ट्यात आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. आमचे हे पेणहून वर्तमानपत्र आणत आणि जेवताना मला भारताचं परराष्ट्र धोरण समजावत. कुणाच्या गटात जायचं नाही, मदत करायची ती अट न घालता, विश्वास आधी आपण टाकायचा. "जगाची भांडणं मिटवा, आणि बांध कोण बघणार?" मी म्हणायची. हे नुसते हसायचे.

एका श्रावणात पहाटेच्या उधाणाने खाडीच्या बांधाला खांड पडली, बांध फुटून पाणी आत यायला लागलं, बरोबर आमच्या शेतासमोर. संध्याकाळच्या भरतीच्या आत ती बुजली नाही, तर लावलेलं भात गेलंच, जमीनही खारी होणार. माणसं कमी पडत होती. शेजारच्या गावाला बोलवा म्हटलं, तर हे म्हणाले, "त्यांच्या खांडीला आपण गेलोच होतो. येतील आपणहून. मागितलं की सौदा होतो."

घरात जाई, बांधावर येई, परत घरात. कुणी येईना. शेवटी डोकंच फिरलं! पदर खोचला नि गेले त्या गावात. तिथला म्हातारा पुढारी म्हणाला, "येतो गो, पर बांधातली पाणी सोडायची उघाडी आमच्या ताब्यात हवी." कुणालाही न विचारता मी "व्हय" म्हटलं. माणसं आली, खांड बुजली, शेत वाचलं. हे माझ्याशी बोलेनात. न बोलोत!

पुढच्या पावसात खांड त्यांच्याकडे पडली. हाका ऐकू येत होत्या, पण आमची माणसं ओटीवरून हलेनात. "फुकट आले होते काय ते? वैनीनं सौदा केला, फिटला."

ह्यांनी फावडं उचललं. मी दारात आडवी आले. "एकट्यानं काय बुजणार हाय?"

"नाय बुजणार," म्हणाले आणि गेले.

तशी वेळ आली तर मी आजही मागायला जाईन. माझं शेत होतं ते! पण त्या दिवशी एका जागी बसवेना, चूल पेटवली नि विसरले.

संध्याकाळी हे चिखलाने माखून आले. "त्यांचं भात गेलं," म्हणाले. मग पाय धुताधुता, माझ्याकडे न बघता, "तिथल्या बायका विचारत होत्या, ती नाय आली?"