पुठ्ठ्याचा बोंबील

घिवलीच्या बालवाडीत नवीन बाई आल्या होत्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी नात घराबाहेर तोंडच उघडायची नाही. सून म्हणायची, डॉक्टरला दाखवू. तिला धीर यावा म्हणून मी रोज वर्गाच्या दाराशी बसायचे.

त्या आठवड्यात मासळीबाजाराचा खेळ होता. पोरं टोपल्यांत पुठ्ठ्याचे मासे घेऊन विकायला बसली होती. बाई पदर खोचून गिऱ्हाईक झाल्या. नातीसमोर उकिडव्या बसल्या आणि बोंबील उचलून म्हणाल्या, "ही सुरमई कशी दिली?"

नातीनं मान खाली घातली. मी जन्मभर मासळी विकलेली, मला राहवेना. "अवो बाई, तो..."

त्यांनी मागे न बघताच हात वर केला. "आजी, तुम्ही बोललात तर ती कशाला बोलेल?"

मग बोंबील नाकाशी नेऊन त्या सुरमईचं कौतुक करत राहिल्या. उठायचं नावच नाही. शेवटी नात म्हणाली, "बोंबील हाय तो. सुरमई तुज्या बापानं तरी बघितली हाय का?"

माझेच शब्द. बाई हसल्या नाहीत. "चुकलं माझं," म्हणाल्या, "बोंबीलच द्या." डोळे मात्र भरले होते.

मुद्दाम अडाणी होऊन बाप काढून घेणारं आणि वर इतकं खूश होणारं गिऱ्हाईक मला सगळ्या जन्मात भेटलं नव्हतं.