पान सहावरचं कवळ

माझ्या लाडक्या मुलांनो,

इकडे यायची तिकिटं काढताना विमानाच्या धुराची भरपाई म्हणून तुम्ही थोडे जास्त पैसे भरलेत आणि ती पावती मला कौतुकाने पाठवलीत. तिच्यावर कोकणातल्या झाडांचा फोटो आहे. तो आपल्याच डोंगराचा असेल असं नाही. पण इथे आल्यावर तुम्ही भाऊंना ती आनंदाने दाखवाल, म्हणून आधीच लिहिते.

भाऊ म्हणजे आपल्या दगडी गडग्यापलीकडचे शेतकरी. घरामागचा उतार त्यांचा, त्यावर ऐन आणि किंजळीची जुनी झाडं. काही वर्षांपूर्वी वाडीत एक कंपनी आली. झाडं राखा, ती हवेतला कार्बन धरून ठेवतात, त्याचे पैसे, तुम्ही भरलेत तसल्या भरपाईतून, दरवर्षी देऊ, असं त्यांचं म्हणणं. करार इंग्रजीत होता. भाऊ तो घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, हवा विकत घेणार म्हणतायत. मापणार कशानं, पायलीनं?"

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. दोन दिवस पेन्सिल घेऊन बसले, एकेक पान वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आणि सांगितलं, "झाडं तोडायची नाहीत, एवढंच आहे. सही करायला हरकत नाही."

"तोडतोय कोण? तुमी वाचलंत ना, मग झालं."

बाईंनी वाचलाय म्हणून भाऊंच्या मागोमाग सगळ्या वाडीने सह्या केल्या.

आमच्याकडे थंडीत ऐनाच्या पानांसकट फांद्या उतरवतात, त्याला कवळ म्हणतात. ते वाळवून पावसाआधी वाफ्यावर पसरतात आणि पेटवतात. तणाचं बी जळून जातं, राखेत भाताची रोपं जोमाने वर येतात. झाड पावसात पुन्हा भरतं. कवळ काढणं म्हणजे झाडाला इजा, हे इथे कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही.

पुढच्याच माघात कंपनीची एक मुलगी आली. गोड बोलणारी होती. मोबाइलवर आकाशातून घेतलेला फोटो दाखवत म्हणाली, "काका, इथलं हिरवं कमी झालंय."

"कवळ काढलंय, बाय. आमचा आजा काढायचा. झाडानं कधी तक्रार केलान काय?"

"फांद्याही चालत नाहीत, काका. पान सहावर आहे. पुन्हा झालं तर सगळ्या वाडीचा करार रद्द होईल."

रेघा मारलेली प्रत माझ्याकडेच राहिली होती, ती मी आणली. जिवंत फांदी छाटायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्या ओळीखाली माझीच रेघ होती. वाक्य मला पुरतं समजलं होतं. फक्त ते वाचताना खांद्यावर कवळाचा भारा घेऊन उतरणारे भाऊ मला दिसले नव्हते.

भाऊंची बायको म्हणाली, "बाई, आमाला वाचता येत नाय म्हणून तुमच्याकडे आलो होतो." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

वाडीचं नुकसान नको म्हणून भाऊंनी पुढल्या थंडीत कवळ काढलं नाही. वाफा न भाजता पेरला. रोपांपेक्षा तण उंच झालं. लावणीला रोपं पुरली नाहीत आणि खालचे दोन चोंढे, पाणथळ खाचरं, रिकामे राहिले. मी कंपनीला तीन पत्रं लिहिली, उत्तम इंग्रजीत. मुदत संपल्यावर विचार करू, असं नम्र उत्तर आलं. ती मुदत संपेल तेव्हा मी नसेन, भाऊही बहुधा नसतील.

आपल्या परसात तीन ऐन आहेत. ते करारात नाहीत. गेल्या थंडीत मी भाऊंना निरोप धाडला. ते कोयता घेऊन आले, कवळ उतरवलं, चहा न घेता गेले. तेवढ्यात एकच वाफा भाजून झाला. कागद वाचून घ्यायला ते आता आमच्याकडे येत नाहीत, हातखंब्याला भाच्याकडे जातात.

तेव्हा ती पावती त्यांना दाखवू नका. तीन ऐन, एक भाजलेला वाफा आणि त्यातून धरलेलं लाल भाताचं बियाणं, एवढं त्यांच्यात आणि माझ्यात अजून आहे.