नाइसुला पाण्यात उतरली नाही

मी सेइनाच्या पोटची, पण वाढले नाइसुलाच्या घरात. आमच्या सांबुरू लोकांत याचं कुणाला नवल वाटत नाही. माझ्या बापाच्या दोन बायका, एकाच काटेरी कुंपणात दोघींची दोन घरं. थोरलीची मुलं जगली नाहीत, म्हणून धाकटीनं आपलं पहिलं मूल तिच्या ओटीत घातलं. ते मूल मी. नाइसुला माझी थोरली आई.

सेइनाला या घरात आणली तीही थोरल्या आईनंच. दुसरं लेकरू गेल्यावर ती माझ्या बापाला, लेताबारेला म्हणाली होती, "दुसरी कर. पण मी सांगेन ती कर." सेइनाच्या माणसांकडे शब्द तिनंच टाकला. नवरी दारात आली तेव्हा तिच्या डोक्याला लोणी लावलं आणि आपल्या वाट्याची एक दुभती गाय तिला देऊन टाकली. म्हणून दोघींचं गोडीगुलाबीनं चालायचं असं नाही. दूध ठेवायच्या पोकळ भोपळ्याला आतून धुरी कमी दिली, शेळी कुणाच्या हयगयीनं हरवली, यावरून रोज वाजायचं. पण सेइनाला ताप भरला की थोरली आई तिच्या उशापासून हलायची नाही.

कोरड्या दिवसांत नैरोबीहून मिशनच्या गाड्या यायच्या आणि नदीच्या वाळूकाठी तंबू पडायचे. ती माणसं डोळ्यांत औषध घालायची, गाणी शिकवायची. त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, मुथोका उंच, हळू बोलणारे. आमची भाषा मोडकीतोडकी बोलायचे, पण बोलायचे. थोरली आई डोळे दाखवायला गेली, तेव्हा त्यांनी मुलांची चौकशी केली.

"होती दोन," ती म्हणाली.

"नावं काय होती त्यांची?"

आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही नावं घेतली. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थनेत ती पुन्हा उच्चारली. त्या दिवसापासून ती त्यांच्या देवाची झाली. गोठ्यात गाणी, पाणी भरताना गाणी. माझा बाप चिडवायचा, "आली का तुझ्या नव्या नवऱ्याची गाडी?"

"आली. आणि तो तुझ्यासारखा घोरत नाही."

पण हळूहळू तोही झाडाखालच्या सभेत जाऊन बसू लागला. आधी चहासाठी, मग ऐकायला. पुढं सेइनाही. शेवटी एका वर्षी पाळकांनी सांगितलं, या खेपेला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देऊ. गुरांसाठी खणलेल्या तळ्यात तेव्हा पाणी होतं.

आणि मग ते माझ्या बापाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा, आमच्या मंडळीत पुरुषाला एकच बायको. पहिली ती बायको. दुसरीला मानानं माहेरी पोचवा. मुलांच्या पोटाचं तुम्हीच बघा."

बाप घरी आला, तुटक शब्दांत ते सांगितलं आणि काठीनं माती उकरत बसला. दोघींना समजायचं ते समजलं. सेइना उठली. आपले भोपळे, कातडी, पाठच्या लेकराचं पांघरूण, सगळं गाढवावर चढवायला लागली. थोरली आई आली आणि एकेक गाठ सोडायला लागली. इकडं ही बांधतेय, तिकडं ती सोडतेय. गाढव बिचारं मधे उभं.

"जाऊ दे मला, अक्का!" सेइना ओरडली. "रोज तुझं तोंड बघत जगू का मी? हिच्यामुळं माझं देवाचं राहिलं, असं तुझ्या मनात येणारच."

"येईल तेव्हा भांडेन. आत्ता ते पांघरूण उतरव."

बाप उठला. "देवाचं ऐकायचं की तुमचं?"

"देवाचं ऐकायला तुला कुणी नेलं होतं?" थोरली आई वळून म्हणाली. "माझ्या घरात झोपायला यायचं असेल, तर ही तिच्या घरात असली पाहिजे. नाहीतर झोप तिकडं वासरांत."

सकाळी ती नेहमीसारखं दूध घेऊन तंबूत गेली. पाळकांना म्हणाली, "सेइनाला मी मागून आणलीय. आता मीच कशी काढू?"

मुथोका म्हणाले, "आई, नियम मी केलेला नाही. पण तुमच्यावर त्याचं बंधन नाही. तुम्ही पहिल्या. तुम्ही एकट्या या पाण्यात."

"एकटी?"

"हो."

ती हसली म्हणे. पाळकांनीच मला पुढं सांगितलं. म्हणाले, रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी ती तळ्यावर गेली खरी. पण काठावर उभी राहिली, उतरणाऱ्या बायकांच्या मण्यांच्या माळा आणि कोरडी वस्त्रं हातावर घेऊन. सगळ्यांत मोठ्यानं गात होती. माझा बाप त्या दिवशी गुरं घेऊन लांब निघून गेला. सभेला तो परत कधी आला नाही.

ती मात्र जायची. पुढं झाडाच्या जागी पत्र्याचं चर्च झालं, तरी जायची. सेइनाच्या शेजारी मागच्या बाकावर बसायची. बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणारी प्रभुभोजनाची भाकर वाटायला लागले की उठून बाहेर चहाचा विस्तव नीट करायला लागायची. सेइनाला ते पाहवत नसे. घरी आल्यावर ती भांडी आपटायची. "मी मागितलं होतं का तुझ्याकडं?" म्हणायची. उपकार कुणालाच सोपा जात नाही. सेइनाला तर मुळीच गेला नाही. मला कित्येकदा वाटायचं, त्या दिवशी गाढव निघून गेलं असतं तर या दोघी जास्त सुखानं एकमेकींची आठवण काढत राहिल्या असत्या.

मग बाप खोकल्यानं खंगत गेला आणि वारला. मुथोका भेटायला आले. तेही आता काठी टेकत चालत होते. विधवांना कसली अडचण नव्हती. सेइनानं त्याच खेपेला बाप्तिस्मा घेतला. पाण्यातून वर आली ती हुंदके देत, आणि काठावर तिला कोरड्यात गुंडाळायला थोरली आईच होती.

"आता तुम्ही," पाळक म्हणाले.

"नाही, पाळकबाबा. तो होता तोवर दार बंद होतं. तो मेला म्हणून उघडलं. तसल्या दारानं मला नाही जायचं."

"राग आहे माझ्यावर?"

"राग असता तर दूध आणलं असतं का?"

ते तिच्याजवळ दगडावर बसले. पुन्हा आग्रह केला नाही. बराच वेळ दोघं गुरांचं पाणी पिणं बघत राहिली.

आता थोरल्या आईला नीट दिसत नाही, प्रभुभोजनालाही ती बाकावरच बसून असते. सेइना तिला हाताला धरून चर्चला नेते आणि वाटभर दोघी साखरेवरून भांडतात. मी मरालाल शहरातून सुट्टीला गेले की त्यांच्या मागच्या बाकावर बसते. गेल्या खेपेला मी थोरल्या आईला विचारलंच, "पस्तावा होतो का गं?"

"होतो," ती लगेच म्हणाली. "भाकर पुढं पुढं जाते ना, आणि सगळ्या गप्प होतात, तेव्हा होतो."

"मग घे ना अजूनही बाप्तिस्मा."

सेइना समोरून येत होती. पावलांवरून ओळखून थोरली आई बाकावर सरकली आणि तिला जागा करून दिली.