थकायच्या आधी बसणारे वाघमारे सर

एखादा माणूस स्टाफरूममधून कायमचा गेला, तरी त्याचे किस्से तिथंच मुक्कामाला राहतात. कुणी मुद्दाम सांगायचं ठरवत नाही. मधल्या सुट्टीत चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "वाघमारे सर असते ना आज...", की झालं सुरू! आम्ही हसतो. घंटा झाल्यावर मात्र लगेच कुणी उठत नाही.

वाघमारे सर जिंतूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलात भूगोल शिकवायचे. मी कदम, पी.टी. मास्तर. आम्ही दोघं एकाच गावचे, जिथं शाळा तेच गाव. घरं मात्र दोन टोकांना. हे सगळे किस्से सरांच्या आजारपणातले. त्यामुळं हसू येईलच असं नाही.

* * *

पहिला किस्सा माझ्याच मूर्खपणाचा.

सर पस्तिशीतच थकायला लागले. फळ्यावर नकाशा काढता काढता हात खाली यायचा. गोदावरी नांदेडपर्यंत पोचायच्या आधी सर खुर्चीवर! आम्हाला वाटलं, आळस. मी तर पी.टी.चा माणूस, माझ्याकडं सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज. ग्राउंड!

"सर, रोज सकाळी चार राउंड मारा. थकवा कुठल्या कुठं पळतो बघा."

बिचारे आले. एप्रिलचे दिवस, आठलाच ऊन चटकत होतं. दुसऱ्या राउंडला त्यांचे पाय एकमेकांत अडकायला लागले. मी आपला शिट्टी मारायलोय, "थांबायचं न्हाई! दम लागला की खरा व्यायाम सुरू होतो!"

तिसऱ्या राउंडला सर खोखोच्या खांबाशी बसले. डोळे चोळले, परत बघितलं आणि म्हणाले,

"कदम सर, खोखोला खांब दोनच असतात ना? मला चार दिसायलेत."

पोरं हसली. मीही हसलो. त्या दिवशी सरांना दोघांनी धरून घरी न्यावं लागलं.

* * *

औरंगाबादला मोठा डॉक्टर गाठला. त्यांनी मुंबईहून तपासण्या करून आणायला लावल्या, मग आजाराचं नाव निघालं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. वायरवरचं प्लास्टिक झिजावं तसं मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण झिजतं म्हणे. डोळे, पाय, तोल, कशावरही जातं. आणि थकवा तर असा, की रात्रभर झोपूनही माणूस उठतो तो दमलेलाच.

स्टाफरूममध्ये सरांनी लांबलचक नाव सांगितलं, कुणाला कळेना. मग म्हणाले, "थोडक्यात एम.एस."

आमचे हेडसर चष्मा वर करून म्हणाले, "एम.एस.? ही तर डॉक्टरची डिग्री! आजारातसुद्धा वाघमारे आपल्यापेक्षा जास्त शिकले की हो!"

सर सगळ्यात मोठ्यानं हसले. मग खिशातून पेन काढलं, हजेरीवर सही करायला गेले. पेन दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा हेडसरांनीच वाकून उचलून दिलं. त्यानंतर त्यांनी तो विनोद कधी केला नाही.

* * *

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या थकव्यावर देण्यासारखी गोळी माझ्याकडे नाही. दिवसाची ताकद मोजून वापरा. थकल्यावर बसू नका, थकायच्या आधी बसा."

मग एका वहीत लिहून दिलं. सकाळच्या गारव्यात हलका व्यायाम, दम लागेल एवढा नाही. अंग तापू द्यायचं नाही. शिकवायचं ते बसून. शाळेत मधेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. झोप लागो न लागो, उठायचं रोज एकाच वेळी. दुपारनंतर चहा बंद.

हेडसर वही वाचून म्हणाले, "सुई न्हाई, गोळी न्हाई. एवढं तर माझी आईपण सांगते!" पण चांगला माणूस. सरांचे वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणले आणि तिसरा तास मोकळा करून दिला. स्टाफरूममध्ये दोन बाकं जोडून सर वीस मिनिटं पडायचे. महिन्याभरात चौथ्या तासाला आवाज परत मागच्या बाकापर्यंत पोचायला लागला. सूचनांनी माणूस सुधारतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग तपासणीला साहेब आले. अचानक! थेट स्टाफरूममध्ये. बाकावर सर आडवे, तोंडावर ओला रुमाल.

"हे काय चाललंय? शिक्षक झोपलाय?"

रुमालाखालून आवाज आला, "न्हाई साहेब. चौथ्या तासाची तयारी चालू हाय."

आम्हाला हसू आवरेना. साहेबांना आलं नाही. हेडसरांनी आजार समजावून सांगितला, कागद दाखवले. तरी शेरेबुकात शेरा पडायचा तो पडलाच.

दुसऱ्या दिवसापासून सर तिसऱ्या तासाला ताठ बसून वह्या तपासायला लागले. मी म्हणालो, "सर, पडा की. साहेब काय रोज येतात का?"

ते वहीतून मान न काढता म्हणाले, "कदम सर, तुमी आडवे झालात तर लोक म्हणतील, मास्तर थकले. मी आडवा झालो की काय म्हणतात, ते मला ऐकू येतं."

दिवाळीपर्यंत त्यांच्या हातात काठी आली.

* * *

एकदा मे महिन्यात आम्ही औरंगाबादहून परत येत होतो. गाडी बदलायला देवगाव फाट्यावर उतरलो. सावली म्हणाल तर खांबाची! दहा मिनिटांत सरांचे डोळे अंधारले, पाय गेले. मी त्यांना कवेत धरून उभा. ऊन लागलं की या आजारात सगळंच बंद पडतं, हे तोपर्यंत मलाही पाठ झालं होतं. अंग थंड करायचं, पण कसं?

तिथं एक सोडा-लिंबूवाले चाचा होते. त्यांनी एकदाच बघितलं. "मास्तर कू इधर लाओ!" म्हणाले आणि पोत्यात, भुशात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी हातगाडीखालच्या सावलीत काढून ठेवली. वर गोणपाट टाकून सरांना तिला टेकवून बसवलं. डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर बर्फाचे तुकडे. धंद्याचा बर्फ पाणी होऊन वाहायला लागला, पण चाचांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अशात एक म्हातारी आली. तिनं बर्फ बघितला, मिटलेले डोळे बघितले, चप्पल काढली, हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "कवा गेले रं?"

सर डोळे न उघडता म्हणाले, "जायलोय मावशी. जिंतूरची गाडी येऊ द्या!"

म्हातारी दचकून मागं सरली. चाचा हसून हसून खाली बसले. गाडीत बसल्यावर मी आठवून परत हसलो, तर सर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तिचं काय चुकलं, सर? जरा लवकर आली, एवढंच."

* * *

पुढं झोप पार मोडली. पायांत गोळे यायचे, जाग यायची ती यायचीच. डॉक्टरांनी त्यावरही वही काढली. झोपायच्या आधी पाय ताणायचे. मनात जे घोळतं ते संध्याकाळीच कागदावर लिहून कागद बाजूला ठेवायचा. खोली गार ठेवायची. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "झोप कधीपासून मोडली?"

"अठ्ठ्याहत्तरपासून."

डॉक्टरांनी जुने कागद उलटले. "तेव्हा तर तुम्हाला आजार नव्हता."

"आजाराची झोप वेगळी, साहेब. त्या साली नामांतरावरून दंगल झाली. आमची आळी जळाली. आईला घेऊन ज्वारीत बसलो होतो. तवापासून बाहेर पाचोळा जरी वाजला तरी मी उठून बसतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तेही कागदावर लिहून बघा."

"लिहिलं," सर म्हणाले. "कागद बाजूला ठेवला. मी तिथंच हाय."

मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. टेबलाच्या काचेखाली एक कॅलेंडर होतं, ते वाचत बसलो.

* * *

शेवटचा किस्सा मी स्टाफरूममध्ये कधीच सांगितला नाही.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नाव बदलल्याचं जाहीर झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. संक्रांतीचे दिवस. सर तेव्हा शाळा सोडून घरीच होते, खाटेवर. रोज सकाळी जाऊन मी त्यांचे पाय हलवून द्यायचो. दहादा डावा, दहादा उजवा, मधे थांबत थांबत. त्या सकाळी सरांच्या आळीत पेढे होते, आणि दारं बंद होती. गावात काय होईल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

वहिनी दार किलकिलं करून म्हणाल्या, "भाऊ, दोन दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई. आवाज झाला की उठायला बघतेत. उठता येत न्हाई, मग रडतेत."

मी पाय हलवून दिले. निघालो, तर सरांनी माझं मनगट धरून ठेवलं.

"कदम सर, जरा बसता का?"

"बसलो की."

"इथं न्हाई. दारात."

मी लोखंडी खुर्ची उचलून उंबऱ्याबाहेर टाकली आणि रस्त्याकडं तोंड करून बसलो. दार सताड उघडं ठेवलं. येणारे-जाणारे बघायचे. आमच्या भावकीतले चुलते सायकलवरून चालले होते, पाय टेकून थांबले.

"काय रं मास्तर, हितं काय करायलास?"

"बसलोय, काका."

"कुणासाठी?"

"सर झोपलेत."

त्यांनी उघड्या दारातून आत बघितलं, मग गेले. आणखी चौघं येऊन असंच विचारून गेले. प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. आत घोरण्याचा आवाज यायला लागला, तेव्हा वहिनी चुलीशी तोंडाला पदर लावून बसल्या. त्यांनी भांडंसुद्धा हलवलं नाही.

चारच्या सुमारास खाट करकरली. मी आत गेलो. सर माझ्याकडं, मग उघड्या दाराकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघत होते. चेहरा असा निवांत मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

म्हणाले, "कदम सर, सोळा वर्षं उशिरा आलात."