ड्रायरच्या घरघरीतली साक्ष

पार्लरवालीला गल्ली रेडिओ म्हणायची, आणि कौतुकानं मुळीच नाही. कुणाची सून रुसली, कुणाच्या जावयानं नोकरी सोडली, सगळं आधी तिच्या खुर्चीवरून प्रसारित व्हायचं. तिच्या नणंदेचा विषय निघाला की मात्र रेडिओ बंद.

नणंद त्याच खुर्चीत बसली होती. अर्धे केस कापून झाले होते, तेवढ्यात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांची धरपकड करणारे पोलीस शिपाई आले आणि तिला उचलून घेऊन गेले. जीपपर्यंत धावल्या त्या एकट्या सासूबाई. जीपमध्ये बसलेल्या पोलीस साहेबाचा चेहरा पाहिला तो त्यांनीच. ठाण्यावर उत्तर मिळालं, "अशी कुणी मुलगी आम्ही आणलीच नाही."

पुढे अशीच माणसं नाहीशी झालेल्या घरांतल्या बायका, शिवणवाली, नर्स, बटणवाली, पार्लरमध्ये जमू लागल्या. समोरच्या टपरीवर सरकारी कान बसलेला असे, म्हणून हेअर ड्रायर सुरू करायचा आणि त्या घरघरीत आपल्या माणसाची हकीकत टेपवर सांगायची. सासूबाईंची पाळी आली तेव्हा रेडिओला त्यांनी दारात पहाऱ्याला पिटाळलं. "तू नको ऐकूस, तुझ्या पोटात काही राहत नाही!"

वर्षं गेली, सासूबाईही गेल्या. सरकार बदललं, नाहीशा झालेल्या माणसांची चौकशी बसली. रेडिओनं मोठ्या आशेनं टेप लावली, तर नुसती घरघर! टपरीवरच्या कानाला फसवता फसवता टेपही फसली होती. ती खुर्चीत बसून रडू लागली. साहेबाचा चेहरा सासूबाईंबरोबरच गेला.

"रडतेस काय?" शिवणवाली म्हणाली. "आम्ही काय बहिऱ्या होतो? त्या आवाजात त्यांच्या तोंडाला कान लावून ऐकलंय."

तिनं सुरुवात केली. ती अडखळली तिथं नर्सनं उचललं, नर्स थांबली तिथं बटणवालीनं. शब्द तेच, मधला तो खोकलासुद्धा तिथंच.  सासूबाई तीन तोंडांनी बोलत होत्या.

"साहेबाच्या भुवईतून आरपार व्रण. माझ्याकडे बघून हसला मेला. आणि आमची सून! कात्री घेऊन दारात आडवी. म्हणते, केस पुरे होऊ देत, मग बघू. वेडी! ढकललं तरी पुन्हा उठली. पोटची पोर असती तरी याहून काय करती?"

रेडिओनं शिवणवालीचा हात धरला. 

"हे... त्या म्हणाल्या?"

"म्हणाल्या. आणि तिला सांगू नका, डोक्यावर बसेल, असंही म्हणाल्या."

रेडिओ रडता रडता हसली. उठून तिनं ड्रायरची वायर उपटली, नवी टेप घातली आणि दार सताड उघडलं.

"हं, पहिल्यापासून. आणि जरा मोठ्यानं, टपरीपर्यंत जाऊ दे."